ऑनलाइन तलवार मागवताय? पार्सल कस्टममध्ये अडकेल, आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो

शिवजयंती, लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर तलवारींच्या जाहिराती दिसू लागतात. 'जपानी कटाना', 'सिनेमातली तलवार', 'फक्त शोपीस'. पोरं बटण दाबून मोकळी होतात. पण माल परदेशातून येणार असेल तर मध्ये कस्टम, म्हणजे सीमाशुल्क खातं, बसलेलं असतं.

पार्सल कशामुळे अडकतं?
परदेशातून आलेल्या पार्सलची एक्स-रे यंत्रावर तपासणी होते. खोक्यावर 'गिफ्ट' लिहिलं तरी आतलं पातं दिसतंच. तलवार, संगीन, भाला आणि त्यांची म्यानं यांना कस्टमच्या यादीत ९३०७ हा वेगळाच नंबर आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १० नुसार परदेशातून शस्त्र आणायला परवाना लागतो.

मग कोयता चालतो का?
शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रात मोडतात. घरकाम आणि शेतीची अवजारं यातून वगळली आहेत. म्हणून ऊसतोडीचा कोयता शेतात चालतो. तोच चौकात नाचवला तर पोलीस सोडत नाहीत.

नकली तलवारीचं काय?
जी वस्तू फक्त खेळणं म्हणूनच वापरता येते आणि जिचं खरं हत्यार करता येत नाही, ती कायद्याने शस्त्र नाही. लाकडाची, प्लास्टिकची तलवार यात बसते. पण बोथट पोलादी 'रेप्लिका'ला धार लावता येते, खरी अडचण तिथेच आहे. जाहिरातीत काय लिहिलंय याला अर्थ नाही, अधिकारी वस्तू बघून ठरवतो.

पकडलं तर पुढे काय?
माल थांबतो, नोटीस येते, बाजू मांडायची संधी मिळते. परवाना नसेल तर कस्टम कायदा १९६२ खाली माल जप्त होतो, वर दंड. शस्त्र कायद्याखाली गुन्हा वेगळा, त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं, कारण चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा समोर येतो.

माल देशातलाच असला तरी सुटका नाही. २०२२ मध्ये औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवडला कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या.

असा फोन आला तर?
'तुमचं पार्सल कस्टमने धरलंय, लगेच पैसे पाठवा, नाहीतर अटक' असे फोन भामटे करतात. कस्टम कुणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

ऑर्डर दिली असेल आणि माल निघाला नसेल तर आजच रद्द करा. मिरवणुकीला लाकडी तलवार पुरते. गावातला सुतार ती करून देईल.