परमुलखातल्या सौद्याचा निवाडा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावाने ती ओळखली जाते. वारा कधी धरावा, वाटाड्या कुठे घ्यावा, कुठे काय खपतं, असा सगळा कामाचा मजकूर. कल्याणबद्दल मात्र त्यात मालाचा उल्लेख नाही, आहे तो कायद्याचा. थोरल्या सातकर्णी राजाच्या काळी ही रीतसर मान्यतेची पेठ होती. पुढे ती दुसऱ्या सत्तेच्या हाती गेली आणि व्यापार अडला. ग्रीक गलबत इथे लागलंच, तर पहारा बसवून त्याला भडोचला नेलं जाण्याची शक्यता असे.

बंदर तेच, खाडी तीच, घाटावरून उतरणारे बैलांचे तांडेही तेच. तरी गलबतं फिरली. परमुलखात माल उतरवणाऱ्याला भावाइतकीच आणखी एका गोष्टीची खात्री लागते: उद्या तंटा झाला तर आपलं म्हणणं कोण ऐकेल? वकील आणि उद्योजक देशोदेशींहून एकत्र येतात त्या आजच्या परिषदांमध्ये हाच प्रश्न चर्चेला असतो. आपल्या ठाणे-कल्याणच्या किनाऱ्याने त्याचं उत्तर हजार वर्षांपूर्वी शोधलं होतं.

कल्याण पुन्हा सावरलं. कान्हेरीच्या लेण्यांत इथल्या व्यापाऱ्यांची, सोनारांची दानं कोरलेली आहेत. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस तर कल्याणला मोठ्या पेठांमध्ये गणतो आणि इथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरू असल्याचंही सांगतो. म्हणजे परक्यांची वस्ती कायमची होती. अशा वस्तीत देणी-घेणी, वारसा, भागीदारी मोडणं हे सगळं आलंच. ते कोणत्या कायद्याने सोडवायचं?

याचं उत्तर याच किनाऱ्यावरच्या चौल बंदरात दिसतं. इ. स. ९१६च्या सुमारास बगदादचा प्रवासी मसूदी तिथे आला. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार झंझ राजाची सत्ता होती. चौलमध्ये सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहिलं. त्यांचा एक प्रमुख असे, त्याला हुनरमान म्हणत. नेमणूक राजाची, माणूस मात्र त्या व्यापाऱ्यांपैकीच. मसूदीच्या भेटीच्या वेळी मारूफ बिन झकरिया हा त्या पदावर होता. त्याच शतकातल्या, खलाशांकडून ऐकलेल्या हकिकतींच्या एका अरबी संग्रहातही चौलच्या हुनरमानाचा उल्लेख येतो. चोरीला इथल्या रिवाजाप्रमाणे देहदंड होता. पण चोर मुसलमान असेल तर त्याचा निवाडा हुनरमान त्यांच्या शास्त्राप्रमाणे करी.

या व्यवस्थेतलं शहाणपण मला फार मोठं वाटतं. राजाने आपला अधिकार सोडलेला नव्हता. परक्याला त्याच्या ओळखीच्या कायद्याने न्याय मिळे, आणि त्या न्यायामागे राजाचं बळ उभं राही. आजच्या आंतरराष्ट्रीय लवादात कराराला लागू होणारा कायदा पक्षकार आपसांत ठरवतात आणि निवाड्याची अंमलबजावणी त्या-त्या देशाची न्यायालयं करतात. जुळणी थेट नाही, कारण हुनरमान हा समाजाचा प्रमुखही होता; पण विचाराची दिशा तीच.

डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेले ताम्रपट याच्याही पुढे जातात. हा भाग परवापरवापर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. शके ८४८च्या, म्हणजे इ. स. ९२६च्या ताम्रपटात संजाण मंडळाचा कारभारी म्हणून ‘मधुमती’ हे नाव येतं. हा मुहंमद, जातीने ताजिक म्हणजे अरब. राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने नेमलेला. त्याने नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप देणारं अन्नछत्र घातलं. त्याच्याच संमतीने एका ब्राह्मणाने भगवतीचा मठ बांधला आणि मठाला जमीन मिळाली. शके ९५६चा दुसरा ताम्रपट त्याच मठाला तेलाची घाणी देतो: देवीपुढच्या दिव्यासाठी आणि मठात येणाऱ्या वेदाध्यायी ब्राह्मणांच्या पायांना लावायला तेल. हे दान ज्यांच्या कानावर घातलं त्यांत शहरातले पौर आहेत, हंजमान म्हणजे बाहेरून येऊन वसलेल्यांची सभा आहे आणि अल्लिय, महर, मधुमत अशी परकी नावंही आहेत. गावच्या देवीच्या तेलाचा व्यवहार, आणि तो परदेशी व्यापाऱ्यांच्या साक्षीने पक्का होतो! या खाडीकाठी परका माणूस पाहुणा राहिला नव्हता, तो गावच्या शब्दाचा जामीन झाला होता.

आता आजचं चित्र पाहू. परदेशी न्यायालयाचा हुकूमनामा दुसऱ्या देशात बजावणं कटकटीचं असतं. लवादाच्या निवाड्याचं तसं नाही. १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे तो १७०हून अधिक देशांत मानला जातो. भारताने त्याच वर्षी सही केली आणि १९६०मध्ये करार मंजूर केला. तरीही आपले तंटे बाहेर जातात. २०२०मध्ये सिंगापूरच्या लवाद केंद्राकडे १,०८० नवी प्रकरणं आली आणि त्यांत भारतातले पक्षकार ६९० होते. जुन्या काळी गलबतं भडोचला नेली जात, आता फायली सिंगापूरला जातात.

मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लवाद केंद्राची स्थापना २०१६मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पाठबळाने झाली, ती हाच ओघ वळवण्यासाठी. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सन फार्मा आणि नायजेरियातली एक कंपनी यांच्या वादात लवाद नेमण्याचं काम या केंद्राकडे दिलं. लवादासाठी परदेशी वकिलांनी इथे येऊन काम करण्याला न्यायालयाने २०१८मध्ये मर्यादित वाट दिली. मार्च २०२३मध्ये राष्ट्रकुल देशांच्या वकिलांची परिषद गोव्यात भरली. अशा भेटींत भाषणांपेक्षा महत्त्वाचं घडतं ते ओळखीचं: नैरोबीच्या वकिलाला मुंबईचा लवाद माणूस म्हणून माहीत झाला, की पुढच्या करारात मुंबईचं नाव घालायला तो कचरत नाही.

माझी तक्रार एवढीच की या परिषदा मोठ्या हॉटेलांपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं निर्यात करणारे छोटे कारखानदार आहेत, भिवंडीत गोदामं आहेत. समोरच्या पार्टीने पाठवलेल्या छापील करारात तंट्याचं कलम शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं, आणि भाव, मुदत, वाहतूक ठरल्यावर ते वाचायला कुणाला वेळ नसतो. कल्याणच्या वकील मंडळींनी आणि कारखानदारांच्या संघटनांनी एक दिवस बसून या एकाच कलमावर बोलावं. लवाद कोणत्या संस्थेच्या नियमांनी, त्याचं कायदेशीर ठिकाण कोणतं, लवाद एक की तीन, कामकाजाची भाषा कोणती, आणि कराराला कायदा कोणत्या देशाचा. एवढं सहीच्या आधी विचारलं, तर ठिकाणाच्या रकान्यात ‘मुंबई’ लिहून मागता येतं. सही झाल्यावर ते समोरच्याच्या मर्जीवर राहतं.