टोचलेल्या पिलाची शुश्रूषा



ज्यांच्या अंगणांत दहा-वीस कोंबड्या हिंडतात, त्यांना एक दृश्य अपरिचित नसेल. सकाळीं खुराड्याचें दार उघडावें, सारीं पिलें धांवत बाहेर पडावीं, आणि एकच पिलूं आंतल्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभें राहिलेलें दिसावें. हातांत घेऊन पाहावें, तों शेपटीच्या मुळाशीं पिसें नाहींत, कातडी सोललेली आहे, आणि तेथून रक्त ठिबकत आहे. रात्रीं मांजर शिरलें कीं मुंगूस, असा पहिला संशय येतो. परंतु खुराड्याची कडी तर जशीच्या तशी लागलेली असते. मग ध्यानांत येतें, कीं हें काम बाहेरच्या शत्रूचें नव्हे; त्याच्याच भावंडांचें आहे.

अशा वेळीं घरांत दोन मतें निघतात. एक म्हणतें, "आतां तें जगत नाहीं, उगीच हाल कशाला?" दुसरें म्हणतें, "हळद लावा आणि सोडा पिलांत. आपोआप बरें होईल." माझें म्हणणें असें, कीं हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत. पहिल्यामुळें वांचण्यासारखें पिलूं जातें, आणि दुसऱ्यामुळेंही तें जातेंच. फक्त त्याला एक दिवस अधिक लागतो. एका पिलाची किंमत ती काय, असें कोणी विचारील. पण तीच तलंग पांच-सहा महिन्यांनीं अंडीं देऊं लागणार असते, आणि ज्या घरांत अंड्यांच्या पैशांवर मीठमिरची चालते, त्या घरच्या बाईला ती किंमत नीट ठाऊक असते. शिवाय जें आज एका पिलाला झालें, तें उद्यां दुसऱ्याला होणार असतें.

प्रथम हें टोचणें कां होतें, तें पाहूं. नॉर्वे देशांतील थॉर्लीफ श्येल्डरूप-एब्बे ह्या शास्त्रज्ञानें कोंबड्यांचे मानपान बारकाईनें न्याहाळले व १९२२ सालीं आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्याला असें आढळलें, कीं प्रत्येक कळपांत एक उतरंड ठरलेली असते. सर्वांत वरची कोंबडी बाकीच्यांना चोंच मारते, तिला कोणी मारीत नाहीं. तिच्या खालची फक्त तिचाच मार खाते. असें होत होत जी अगदीं शेवटीं येते, ती सर्वांचा मार खाते आणि कोणालाही मारूं शकत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतील सर्वांत धाकट्या सुनेची आठवण येथें कोणाला झाली, तर त्यांत नवल नाहीं. ही मानपानाची चोंच बहुधा डोक्यावर बसते, क्षणभरच बसते, आणि मार खाणारी बाजूला सरली कीं भांडण मिटतें. त्यांत आपण पडण्याचें कारण नाहीं.

दुसरा प्रकार मात्र निराळा. त्यांत राग नसतो, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. कोंबडी जगाची ओळख चोंचीनेंच करून घेते. दाणा, किडा, खडा, सर्व कांहीं ती टोचून पाहते. उकरावयास माती नसली, जागा अपुरी पडली, कीं हीच चोंच शेजाऱ्याच्या पिसांकडे वळते. त्यांतून तीन-चार आठवड्यांच्या पिलांना नवीं पिसें फुटत असतात, आणि कोंवळ्या पिसाच्या नळींत रक्त असतें. एक पीस तुटलें, कीं रक्ताचा थेंब येतो. तांबड्या, ओल्या व चकाकणाऱ्या ठिपक्याकडे कोंबडीची चोंच आपोआप जाते, आणि रक्ताची चव एकदां लागली कीं सारा कळप त्याच जागीं येऊं लागतो. शेपटीचें मूळ, पायांचीं बोटें आणि विष्ठेची जागा ह्या तीन ठिकाणीं असे घाव विशेषेंकरून आढळतात.

ह्यावरून शुश्रूषेची पहिली पायरी आपोआप ठरते. जखम दिसतांच, औषध शोधण्यापूर्वीं, पिलूं उचलून वेगळें करावें. जोंवर लाली कळपाच्या दृष्टीपुढें आहे, तोंवर जगांतील कोणतेंही औषध गुण देणार नाहीं.

नंतर रक्त थांबवावें. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून चार-पांच मिनिटें हलक्या हातानें दाबून धरावी. मधून मधून उचलून पाहूं नये. येथें थोडें गणित सांगतों. पिलाच्या अंगांतील रक्त त्याच्या वजनाच्या सुमारें सात-आठ टक्के असतें. म्हणजे पाव किलो वजनाच्या पिलांत सारें मिळून चहाच्या चार चमच्यांहूनही थोडें कमीच. त्यांतला एक चमचा सांडला, तर चौथा हिस्सा गेला. आपल्याला जें 'थोडेंसें रक्त' वाटतें, तें त्या जीवाला थोडें नसतें.

रक्त थांबलें कीं ऊब द्यावी. घाबरलेलें व रक्त गेलेलें पिलूं लवकर गारठतें, आणि गारठलेलें पिलूं खात नाहीं. पुठ्ठ्याच्या पेटींत किंवा डालग्याखालीं जुनें सुती कापड अंथरावें. भुसा किंवा तूस घालूं नये, तें जखमेला चिकटतें. पेटीच्या एकाच बाजूस ऊब असावी, म्हणजे पिलूं आपल्या सोईनें जवळ किंवा दूर जाईल. कोंबडीचें पिलूं पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब मागतें, आणि पुढें दर आठवड्यास तीन अंश कमी पुरते. आजारी पिलाला त्याहून किंचित् अधिक द्यावी. जुन्या तारेच्या विजेच्या दिव्यानें हें काम होत असे. आजच्या एलईडी दिव्याला मात्र तितकी उष्णता नसते, हें विसरूं नये. दिव्याऐवजीं कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून ठेवली तरी चालते. ती निवली कीं बदलावी.

पिलूं शांत झाल्यावर जखम धुवावी. पाणी उकळून कोमट करावें, आणि अर्ध्या लिटरांत चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावें. ह्या पाण्याची धार जखमेवरून सोडावी, चोळूं नये. चिकटलेलीं पिसें बोथट कात्रीनें जपून कापावीं, परंतु रक्त भरलेली कोंवळी नळी मुळींच कापूं नये. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यांत कोऱ्या चहाच्या फिकट रंगाइतकें पातळ करून लावावें, आणि जखम कोरडी होऊं द्यावी. हें सकाळ-संध्याकाळ करावें.

आतां हळदीविषयीं. हळदीचा मला राग नाहीं. पण न धुतलेल्या जखमेवर हळदीचा थर दिला म्हणजे घाण आंत कोंडली जाते. कोंबडीच्या बाबतींत तर हें अधिकच घातक आहे. माणसाच्या गळवांतून पातळ पू वाहून जातो. कोंबडीचा पू बहुधा वाहत नाहीं, तो चीजसारखा घट्ट होऊन कातडीखालीं गोळा धरून बसतो. म्हणून वरून खपली दिसली तरी बोटानें हलकेंच चांचपून पाहावें. तसेंच हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतूं नये, त्यानें नवी कातडीही जळते. माणसांच्या वेदनाशामक मलमांतील बधिर करणारीं द्रव्यें पांखरांना सोसत नाहींत. तीं वापरूं नयेत. जांभळें औषध लाली झांकतें खरें, परंतु मांसासाठीं व अंड्यांसाठीं पाळलेल्या जनावरांत तें वापरण्यास कित्येक देशांत मनाई आहे. आणि पिलूं वेगळें ठेवलें असतां लाली झांकण्याची गरजच राहत नाहीं.

माशा हा पुढचा शत्रू. पावसाळ्यांत उघड्या जखमेवर माशीनें अंडीं घातलीं, तर एका दिवसाच्या आंत अळ्या होतात. पेटीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा, आणि अंथरूण रोज बदलावें.

खाण्यापिण्यांत घाई करूं नये. चोंच उघडून पाणी ओतण्याची पुष्कळांना संवय असते. कोंबडीच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. ओतलेलें पाणी सरळ फुप्फुसांत जाऊन पिलूं दगावतें. केवळ चोंचीचें टोंक पाण्यांत बुडवावें. तें आपण होऊन मान वर करून गिळील. पहिल्या दिवशीं पाण्यांत थोडी साखर चालेल. नेहमींचें खाद्य पाण्यांत भिजवून द्यावें, त्यांत उकडलेल्या अंड्याचा बलक कुसकरावा. संध्याकाळीं गळ्याखालची पिशवी चांचपून पाहावी. ती भरलेली लागली आणि सकाळीं रिकामी झाली, तर पिलूं खात आहे व पचवीत आहे. दुखणें लपवून ठेवणें हा पांखरांचा स्वभाव आहे, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर विसंबण्यापेक्षां ह्या पिशवीवर आणि स्वयंपाकघरांतील तराजूवर विसंबावें. प्रत्येक वेळीं पिलाला हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, आणि मुलांनाही धुवावयास लावावे.

घाव मांसापर्यंत खोल असला, डोळ्याला इजा झाली असली, विष्ठेच्या जागेंतून आंतडें दिसत असलें, जखमेला दुर्गंधी येत असली, किंवा दिवसभर पिलानें कांहीं खाल्लें नसलें, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्याकडे जावें. घरांत उरलेलीं माणसांचीं किंवा गुरांचीं प्रतिजैविकें अंदाजानें देऊं नयेत. त्यांचें प्रमाण वजनावर ठरतें, आणि त्यांचा अंश अंड्यांतून व मांसांतून आपल्याच पानांत येतो. अशा औषधांच्या बेसुमार वापरामुळेंच कोलिस्टिन ह्या औषधाचा जनावरांतील वापर भारत सरकारनें २०१९ सालीं बंद केला.

येथपर्यंत पुष्कळजण नीट येतात. चुकतें तें पुढें, पिलूं परत सोडण्याच्या वेळीं. आणि ही चूक मीं स्वतः केलेली आहे. आमच्या घरीं एक काळी तलंग होती. तिसऱ्या दिवशीं तिच्या जखमेवर खपली धरली. ती पेटींत एकटीच केविलवाणी ओरडे, तें ऐकवेना, म्हणून मीं तिला सकाळीं पिलांत सोडून दिलें आणि कामाला निघून गेलों. दुपारीं परतलों तेव्हां ती कोपऱ्यांत मरून पडली होती. खपली पहिल्याच झडपेंत निघाली असली पाहिजे. मीं दया केली, आणि तीच दया तिला भोंवली.

तीन दिवस कळपाबाहेर राहिलेलें पिलूं उतरंडींतील आपली जागा गमावून बसतें. परत आल्यावर तें पाहुणें ठरतें, आणि त्याच्या मानपानाचा निवाडा पुन्हां व्हावयाचा असतो. म्हणून त्याला वेगळें ठेवावें, पण दृष्टीआड करूं नये. त्याची पेटी खुराड्याजवळ अशी ठेवावी, कीं जाळींतून तें इतरांना पाहील व ऐकेल, मात्र चोंच पोंचणार नाहीं. फार ओरडत असेल तर एखादें गरीब स्वभावाचें पिलूं सोबतीला द्यावें, आणि तें जखमेला टोचीत नाहीं ना, हें पहिला तासभर पाहावें. जखम पूर्ण कोरडी होऊन नव्या पिसांनीं लाली झांकली, कीं दोघांना मिळून परत सोडावें. वेळ दिवेलागणीची धरावी, कारण अंधार पडूं लागला कीं कोंबड्या भांडण सोडून बसण्याची जागा शोधतात. दुसऱ्या दिवशीं पहाटेस मात्र आपण स्वतः हजर राहावें. दाण्याचीं भांडीं दोन ठेवावीं, आणि पळून लपावयास एखादी फळी भिंतीला टेकवून ठेवावी. एकच पिलूं पुढाकार घेऊन टोचीत असेल, तर त्यालाच चार दिवस बाहेर काढावें. परत येतांना तें पाहुणें ठरतें, आणि त्याचा तोरा पुष्कळ उतरतो.

शेवटीं मूळ कारणाकडे वळूं. पिलाला जखम झाली, पण दुखणें खुराड्याला जडलेलें असतें. महिन्याच्या आंतील पिलाला निदान अर्धा चौरस फूट आणि दुसऱ्या महिन्यांत एक चौरस फूट जागा लागते. पंचवीस पिलांच्या जागेंत पन्नास कोंबलीं, तर टोचणें ठरलेलेंच. निव्वळ कणी-कोंड्यावर वाढविलेल्या पिलांना प्रथिनें कमी पडतात, आणि तीं पिसांकडे वळतात. कोंवळ्या पिलांच्या खाद्यांत प्रथिनें वीस टक्क्यांच्या आसपास असावीं. खारवलेली नसलेली सुक्या मासळीची पूड, किंवा बुरशी न धरलेली शेंगदाण्याची पेंड थोडी थोडी मिसळावी. रात्रभर झगझगीत दिवा नको. निरनिराळ्या वयांचीं पिलें एकत्र नकोत. पिसांत उवा-पिसवा आहेत काय, तें तपासावें. आणि चोंचीला उद्योग द्यावा: कोबीचा गड्डा दोरीनें टांगला, किंवा पालापाचोळ्याचा ढीग करून त्यांत मूठभर दाणे विखुरले, तर शेजाऱ्याच्या शेपटीकडे बघण्यास पिलांना सवडच राहत नाहीं.

सर्वच पिलें वांचतील, असें वचन मी देत नाहीं. कांहींचे घाव आपल्या हाताबाहेरचे असतात. परंतु कोपऱ्यांत तोंड लपवून उभें राहिलेलें पिलूं सकाळीं वेळेवर कोणाच्या दृष्टीस पडलें, आणि त्याला उचलून घेणारे हात घाई न करणारे असले, तर तें बहुधा जगतें. उद्यां सकाळीं खुराडें उघडाल, तेव्हां बाहेर पडलेलीं पिलें मोजा. आणि संख्या भरली नाहीं, तर वांकून एकदां आंत पाहा.