अर्धा तास हातचा

पहाटे 4.30
कापसाच्या हंगामात माझा दिवस इथून सुरू होतो. पांढरकवड्यात माझी पिकअप आहे. आसपासच्या गावांतला कापूस जिनिंगवर पोचवतो. डी.एड. करून बसलो होतो, शिक्षकांची भरती निघेना, तेव्हा कर्ज काढून गाडी घेतली. ते कर्ज फेडायचं आणि पुढच्या हंगामात दुसरी गाडी उभी करायची, हे ठरलेलं आहे. त्यासाठी दिवसाला दोन खेपा पडल्याच पाहिजेत. तरीही मी लागतं त्यापेक्षा अर्धा तास आधी निघतो. त्याचं कारण पुढे येईल.

5.30
टिपेश्वर अभयारण्याच्या कडेचं गाव. वाघाच्या धाकाने इथे अंधारात कोणी एकटं बाहेर पडत नाही. गाडी भरायलाही चार माणसं मिळून, बॅटऱ्या घेऊन येतात. दोघं वर चढून कापूस तुडवतात, दोघं खालून गाठोडी देतात. वर ताडपत्री, तिच्यावर दोर. आज ज्यांचा कापूस भरला त्या काकांनी सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी मोबाइलवर आजची तारीख मिळवली आहे. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 च्या या हंगामात हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. खाजगी व्यापारी त्याहून खाली मागतो. काकांचं पीककर्ज आणि मुलीच्या कॉलेजची फी याच गाडीत भरलेली आहे.

7.10
पाटणबोरीकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग 44. कडेला मोटारसायकल पडलेली, तिच्या पलीकडे माणूस. दोन ट्रक आणि एक कार माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेली.

माझा पाय ब्रेकवर होता, पण कापूस काकांचा होता. माझी खेप मी सोडू शकतो. दुसऱ्याचा दिवस त्याला न विचारता खर्च करायचा हक्क मला नाही. म्हणून शेजारी बसलेल्या काकांना विचारलं, "काका, थांबू का? नंबर मागं जाईल."

"मले काय इचारतं? थांबव गाडी."

गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, 108 ला फोन केला. तो माणूस शुद्धीवर होता, पण मान दुखते म्हणून खुणावत होता. त्याला उचलायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. मांडीतून रक्त वाहत होतं. काकांनी आपला दुपट्टा घडी करून दिला, तो जखमेवर दाबून धरला. माणूस आदिलाबादकडचा, तेलुगू बोलणारा. काका त्याच्याशी मोडक्या तेलुगूत बोलत राहिले, त्याचे डोळे मिटू दिले नाहीत.

7.50
रुग्णवाहिका त्याला पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे घेऊन गेली. जमलेल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "आता पोलिसाचं लफडं मागं लागते." ही भीती अजून गावोगाव आहे आणि तिच्यापायी माणसं मरतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दावा किंवा गुन्हा लागत नाही. नाव सांगायची, साक्षीदार व्हायची सक्तीही नाही. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायदा सुवर्ण तास म्हणतो. त्यातली चाळीस मिनिटं रस्त्यावरच गेली होती.

9.15
जिनिंगसमोर गाड्यांची रांग. आमच्यापुढे बऱ्याच गाड्या लागलेल्या. काका बोलले काही नाहीत, पण दर थोड्या वेळाने उतरून रांग पाहून यायचे. त्यांच्याही मनात कापूस होता आणि तो माणूसही. दोन्ही खरं होतं.

12.40
ग्रेडरने यंत्र लावलं. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यावर गेला तर गाडी परत. काकांचा कापूस बसला, थोडी कपात होऊन. काटा झाला. चुकारा खात्यात येईल. माझी दुसरी खेप मात्र दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेली. ते भाडं गेलं ते गेलं. भलं केलं म्हणून कुठून तरी भरून येईल, असं मी मानत नाही. मदतीला किंमत असते, आणि ती मोजूनच द्यावी.

2.00
ढेपीची पोती घेऊन करंजीला. तिथल्या महामार्गावरच्या गुरुद्वाऱ्यात जेवलो. 2020 च्या टाळेबंदीत याच रस्त्याने मजुरांचे तांडे चालत गेले. तेव्हा 81 वर्षांचे बाबा कर्नेलसिंग खैरा आणि त्यांचे सेवादार इथे दिवसभर चुली पेटत्या ठेवत होते. दहा आठवड्यांत सुमारे वीस लाख लोक जेवले, असं तेव्हा छापून आलं. ते शक्य झालं, कारण वाटसरूला जेवू घालणं हे इथलं आधीपासूनचं रोजचं काम होतं. संकट आलं तेव्हा भांडी, माणसं आणि सवय तयार होती.

4.30
परतीच्या वाटेवर डी.एड.ला सरांनी शिकवलेला एक प्रयोग आठवला. अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन यांनी तो केला. 1973 मध्ये छापला. धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एकेक करून भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी मदत केली, खूप घाईत असलेल्यांपैकी दहा टक्क्यांनी. काहींना तर वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या गोष्टीवरच बोलायचं होतं. त्याने फारसा फरक पडला नाही.

सकाळी पुढे गेलेल्या त्या ट्रकवाल्यांना म्हणूनच मी वाईट म्हणत नाही. त्यांच्या मालकाने त्यांना वेळ बांधून दिलेली असते. ज्याच्या दिवसात पाच मिनिटं मोकळी नाहीत, त्याच्या चांगुलपणाला उभं राहायला जागाच उरत नाही. माझा पहाटेचा अर्धा तास त्या जागेसाठी आहे. बहुतेक दिवशी तो चहात जातो. आज तो पुरला नाही, पण थांबायचं ठरवताना त्याचा आधार होता.

7.30
हिशोब. आज एकच खेप आणि ढेपीचं भाडं. हप्ता पुढच्या आठवड्यात दोन जादा फेऱ्या मारून भरीन. काकांना नवा दुपट्टा घ्यायचा आहे.

दुसरी गाडी मी घेणारच. तिच्यावर ड्रायव्हर ठेवीन तेव्हा त्यालाही अर्धा तास आधी निघायला सांगेन, त्या वेळेचा पगार देईन, आणि तो कोणासाठी रस्त्यात थांबला तर बुडालेल्या खेपेचा एक रुपयाही त्याच्याकडून कापणार नाही.