सहा मुलं, चार गोल

सात वर्षांच्या पोरांची फुटबॉल मॅच म्हणजे चेंडूभोवती घोंगावणारा घोळका. एखादा कडेला बुटाची नाडी बांधत बसलेला, गोलकीपर जाळीला लोंबकळतोय. मोठी माणसं म्हणतात, यांना अजून खेळ कळत नाही. पण घोळक्यातल्या प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो तरी किती वेळा?

२००२-०३ च्या हंगामात मँचेस्टर युनायटेडने नऊ वर्षांखालच्या मुलांना आठ-आठऐवजी चार-चार जणांच्या संघांत खेळवून पाहिलं. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे रिक फेनोग्लिओ यांनी दोन्ही प्रकारांचा हिशेब मांडला. चार-चारच्या खेळात पास १३५ टक्के जास्त, गोलचे प्रयत्न २६० टक्के जास्त. आणि गोल ५०० टक्के जास्त, म्हणजे चक्क सहापट! केलं काय, तर गर्दी कमी केली.

याहून गमतीशीर डोकं चालवलं होतं ते जर्मनीच्या होर्स्ट वाइन यांनी. गडी मुळात हॉकीचा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या स्पेनच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक. त्यांच्या ‘फुनिन्यो’ खेळात तिघांविरुद्ध तिघं, गोलकीपर नाही आणि गोल चार: दोन्ही टोकांना दोन-दोन, छोटे. लांबून फटका मारून भागत नाही, गोलपासून सहा मीटरच्या आत यावं लागतं. आता चेंडू घेतलेली मुलगी उजव्या गोलकडे निघाली की समोरची तिघंही तिकडेच धावतात, आणि डावा गोल मोकळा पडतो. तो दिसण्यासाठी तिला चेंडूवरची नजर उचलावीच लागते. ‘वर बघ, वर बघ’ म्हणून प्रशिक्षकाने घसा कोरडा करायची गरजच नाही. मैदानच ते शिकवतं.

जर्मन फुटबॉल संघटनेने २०२४-२५ पासून लहानग्यांसाठी असेच छोटे खेळ सक्तीचे केले. डॉर्टमुंड क्लबचे तेव्हाचे प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी आधी त्यांची यथेच्छ टर उडवली होती: गुणतक्ता नाही म्हणजे मुलांना हरणंच ठाऊक होणार नाही! मला हे पटत नाही. हार इथेही आहेच, फक्त ती दहा मिनिटांत विसरता येते. गोल झाला की दोन्ही संघांतला एकेक गडी ठरलेल्या क्रमाने बदलतो, म्हणून बाकावर कुणीच कुजत नाही. छोटी मैदानं ओळीने असतात; फेरी जिंकणारे एक मैदान वर सरकतात, हरणारे एक खाली. दोन-तीन फेऱ्यांत तोडीस तोड पोरं आपोआप समोरासमोर येतात.