मुलीची पाठ कधी पाहिली आहे?

मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की आंघोळ स्वतःची स्वतः करते, कपडे दार लावून बदलते. तिची उघडी पाठ आईच्या नजरेला पडेनाशी होते आणि नेमका याच वयात पाठीचा कणा एका बाजूला वाकू लागतो. कधी कुडत्याची एक बाजू वर चढलेली दिसते, पण दोष जातो शिंप्याच्या मापाला!

या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. यात कणा बाजूला वाकतो, शिवाय मणके पिळले जातात. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचललेल्या दिसतात. शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये असा बाक आढळतो. बहुतेकांचा किरकोळच राहतो, पण वाढत जाणारा बाक मुलींमध्ये कितीतरी अधिक. सुमारे ८० टक्के रुग्णांत कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा पोक काढून बसल्याने तो येत नाही. तेव्हा ‘नीट बस’ म्हणून मुलीला दटावणे व्यर्थ आहे. बहुधा फारसे दुखतही नाही, म्हणून तीही काही बोलत नाही.

परीक्षा सोपी आहे. मुलीने पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून कमरेतून पुढे वाकावे. मागून पाहताना पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ते एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात. २५ अंशांपर्यंत सहसा दर काही महिन्यांनी तपासणी पुरते. २५ ते ४० अंशांचा बाक असून उंची वाढत असेल, तर प्लॅस्टिकचा पट्टा देतात.

पट्ट्याने कणा सरळ होत नाही, बाक वाढायचा थांबतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील पाहणीत पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांखाली राहिला, न वापरणाऱ्यांत ४८ टक्क्यांचा. मात्र तो रोज १८ तास घालायचा असतो. आपल्याकडच्या उकाड्यात हे सोपे नाही. आत सुती बनियन घालावे, आंघोळ व खेळापुरता पट्टा काढता येतो.

पाळी सुरू झाल्यावर उंची साधारण दोनच वर्षे वाढते. त्यानंतर पट्ट्याचा उपयोग नाही. ‘लोकांना कळले तर लग्न कसे जमायचे?’ म्हणून पट्टा टाळणारे, मालिशवाल्याकडे खेपा घालणारे पालक हीच वर्षे घालवतात. मालिशने बाक जात नाही.

बाक ५० अंशांच्या पुढे गेला, तर तो मोठेपणीही हळूहळू वाढत राहतो, म्हणून शस्त्रक्रिया सुचवतात. स्क्रू व सळ्या बसवून मणके एकमेकांशी जोडले जातात. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका थोडा असतो, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना नसांवर यंत्राने लक्ष ठेवतात. मुली बहुधा महिना-दीड महिन्यात शाळेत जाऊ लागतात. लग्नानंतर मूल होण्यातही सहसा अडचण येत नाही. प्रसूतीच्या वेळी पाठीतून भूल द्यायची असेल, तर सळ्यांविषयी भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवावे.