पट्टी कापून देताना

गोळ्यांची पट्टी कापताना मी एक पथ्य पाळतो. ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते, ते टोक दुकानातच राहायला हवं. म्हणून कात्री दुसऱ्या बाजूने घालायची. गिऱ्हाइकाच्या हातात जातात त्या चार निनावी गोळ्या. "बाकीच्या बाजारच्या दिवशी नेतो," म्हणत माणूस निघतो. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, आणि तिथे सगळ्यात जास्त कापाकापी होते ती हृदयाच्या गोळ्यांची.

अटॅक येऊन गेलेल्या पेशंटला साधारण चार तऱ्हेची औषधं लागतात. गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन, ठोके आवरणारं मेटोप्रोलॉल, प्रेशर उतरवून हृदयावरचा ताण हलका करणारं रॅमिप्रिल आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. चारही जुनी, पेटंट कधीच संपलेली, आपल्याच देशात ढिगाने बनणारी.

'लॅन्सेट'मध्ये २०१६ साली एक पाहणी आली होती. १८ देशांतल्या वस्त्यांमध्ये ही चार औषधं मिळतात का, आणि लोकांना परवडतात का, हे संशोधकांनी तपासलं. भारत वगळून बाकीच्या गरीब देशांत खेड्यांतल्या ३० वस्त्यांपैकी फक्त एका वस्तीत चारही मिळाली. आपल्याकडे खेड्यांत ८१ टक्के आणि शहरांत ८९ टक्के वस्त्यांत. इथवर वाचून, खरं सांगतो, औषधवाल्याची छाती फुगली. पुढचा आकडा मात्र असा: खाण्यापिण्याचा खर्च वजा जाता उरलेल्या पैशांतला पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या चार औषधांत जाईल, अशी कुटुंबं त्या गरीब देशांत ६० टक्के आणि भारतात ५९ टक्के. फळी भरलेली असली तरी आपली आणि त्यांची गत एकच.

माझ्या काउंटरवरचा हिशेब त्याहून सोपा आहे. ब्रँडच्या चारही गोळ्या महिनाभर घ्यायच्या तर बिल हजाराच्या घरात जातं. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती. म्हणजे तीन-साडेतीन दिवसांची कमाई, दर महिन्याला, मरेपर्यंत. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आत आणली, सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टीही होते. त्यापुढच्या गोळ्या मात्र बहुतेक जण खिशातूनच घेतात.

"दादा, ह्याच्यातलंच स्वस्तातलं द्या की," असं रोज कुणीतरी म्हणतं. स्वस्तातलं असतंही. पण ही बहुतेक औषधं शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देता येणारी. चिठ्ठीवर जो ब्रँड लिहिलाय तो मला परस्पर बदलता येत नाही. म्हणून मी सांगतो, डॉक्टरांसमोर बसला असतानाच औषधाचं मूळ नाव लिहून मागा. ते नाव असलं की २००८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेच्या जनऔषधी दुकानातही जाता येतं, अर्थात एसटीचं भाडं सुटत असेल तर. आणि आमचीही बाजू झाकत नाही. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर सरकार विक्रेत्याला १६ टक्के धरतं. महागड्या गोळीचे १६ टक्के स्वस्त गोळीच्या १६ टक्क्यांपेक्षा जास्तच भरतात. स्वस्त औषध खपवायची हौस दुकानदाराला कुठून येणार?

प्रेशरच्या बाबतीत वेगळा रस्ता निघाला. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा सातारा होता. सुरुवात ॲम्लोडिपिन या प्रेशरच्या गोळीने, उपचाराच्या पायऱ्या ठरलेल्या आणि सरकारी केंद्रातून एकदम महिन्याच्या गोळ्या फुकट. माझा ॲम्लोडिपिनचा खप त्याने घटला. घटू दे. स्टॅटिनसाठी मात्र अनेक जण अजून माझ्याच पायरीवर येतात.

आणखी एक रस्ता आहे, अनेक औषधं एकाच गोळीत घालायचा. ही कल्पना दोन ब्रिटिश संशोधकांनी २००३ मध्ये मांडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या त्या २०२३ मध्ये. अशा गोळीत एकेका औषधाचा डोस कमीजास्त करता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण पैसे कमी पडले की चारांपैकी कुठली गोळी सोडायची, हे पेशंट स्वतःच ठरवतो. बहुतेक वेळा स्टॅटिन सुटते. ती महाग असते, आणि चुकवली म्हणून त्या दिवशी कुठे काही दुखत नाही.