नेम चुकतोय? आधी सेन्सर बघा!

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त नाचली ती आमची शूटर मैत्रीण. ती १० मीटर एअर रायफल खेळते. गेल्या महिन्यात मात्र बाईसाहेब रडकुंडीला आल्या होत्या. युनिव्हर्सिटीची सिलेक्शन ट्रायल महिन्यावर आणि लॅपटॉपवर प्रत्येक शॉट डावीकडे खाली!

लॅपटॉपवर कसा? तर रायफलच्या बॅरलला एक छोटा ट्रेनिंग सेन्सर लावतात. त्यातला कॅमेरा टार्गेटकडे बघतो आणि नेम कुठे कुठे फिरला त्याची रेघ स्क्रीनवर काढतो. ट्रिगर दाबण्याआधीचा शेवटचा क्षण एका रंगात, शॉटनंतरचा दुसऱ्या. पेलेट न भरताही सराव होतो, म्हणून तो घरीही करता येतो.

तिनं तेच केलं. रेघ सरकतेय म्हणून आधी गालाची जागा बदलली, मग श्वासाचं टायमिंग, मग पायांमधलं अंतर. आठवड्यानं रेंजवर खऱ्या पेलेट झाडल्या, तर ग्रुप पार विस्कटलेला. सरांनी सेन्सर दोन बोटांत धरला आणि हलवून बघितला. तो चक्क हलला. ‘अगं, तू नाही हलत, हा हलतोय!’

आता जरा गणित. समजा क्लॅम्प पाच सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचं एक टोक केसाच्या जाडीएवढं, म्हणजे ०.०७ मिलिमीटर सरकलं. १० मीटरवर तो फरक होतो १४ मिलिमीटर! टार्गेटवर एका रिंगपासून दुसरीचं अंतर २.५ मिलिमीटर आणि मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे नेम दहावर असूनही स्क्रीन तुम्हाला पाच रिंग बाहेर दाखवणार.

मग लावायचा कसा? आधी रायफल रिकामी आहे ना ते बघून सेफ्टी फ्लॅग घालायचा. सेन्सर नळीच्या तोंडाजवळ, पण पेलेटच्या वाटेत नको आणि फ्रंट साइटच्या आड तर नकोच. खालच्या एअर सिलिंडरवर लावायचा मोह होतो, पण तो काढता-घालता येणारा भाग. सरांच्या मते बॅरलच बरी. स्क्रू घट्ट, पण पिळून नाही. वायर असेल तर थोडी ढील देऊन रायफललाच टेपनं चिकटवायची. हिची वायर लोंबकळत होती, रायफल खाली घेताना दर वेळी हिसका. त्यानंतर काही शॉट मारून कॅलिब्रेशन. मध्ये सेन्सरला धक्का लागला तर तेही पुन्हा.

आणि वजन! सेन्सर हलका असला तरी नळीच्या टोकाला बसतो, त्यामुळे रायफल पुढे झुकते. तेवढंच वजन बॅरलवरून काढलं तर तोल पूर्वीसारखा राहतो. फक्त मॅचआधी ते परत लावायला विसरायचं नाही. (एअर रायफलची वजनमर्यादा साडेपाच किलो, हेही लक्षात असू द्या.)

गाल जुन्या जागी आणायला तिला दहा दिवस लागले. ट्रायल येत्या रविवारी आहे. काल रात्री तिनं ग्रुपवर टार्गेटचा फोटो टाकलाय. कागदाचं टार्गेट, मध्ये एकच फाटकं भोक.